राखून ठेवलेली गोधडी

बाई, तुम्ही गेलात त्या दिवशी मी रडले नाही, हे आत्याबाईंनी मनात धरलं आहे. भाऊजींची आत्या म्हणून या घरात त्यांचा शब्द चालतो, आणि त्यांच्या मते थोरली जाऊ गेली की धाकटीनं ऊर बडवून घेतला पाहिजे. मला रडू आलंच नाही. मला राग आला होता आणि तो अजून उतरलेला नाही. तेरावं झालं, पाहुणे गेले, घर सारवून झालं, आणि मी अजून चुलीपुढे बसून मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. तुम्ही असतात तर पाठीत एक धपका घालून विचारलं असतंत, "काऊन वं सुमन, तोंड काऊन फुगवलं?" आता तसं विचारणारं कुणी नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

तुमची शकू आली आहे. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा देऊळगाव राजाहून लेकीला आणायचं की नाही यावर ओट्यावर बरीच चर्चा झाली, आणि पोटुशी बाईनं असल्या घरात पाऊल टाकू नये असं ठरवून तिला आणलं नाही. तुम्ही गेल्यावरही आणलं नाही. सगळं आटोपल्यावर जावईबापू तिला एस.टी.नं सोडून गेले, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं म्हणून. आल्या दिवसापासून ती एकच विचारत होती, "काकू, माय गेली तवा काय काय झालं, मले सांग." मी कामाचं निमित्त काढून उठत होते. सांगायचं तर गोधडीचं सांगावं लागलं असतं, आणि ते सांगताना माझ्या तोंडून तुमच्याबद्दल काय निघेल याचा मलाच भरवसा नव्हता. परवा अखेर सांगितलं. त्यानंतर जे झालं ते तुम्हालाही कळायला हवं.

त्या गोधडीवरून आपण किती भांडलो, बाई. भाऊजी हुतूतू खेळायचे तेव्हाच्या गंजीफ्रॉकांची ती. आपल्या वरवट गावचा संघ कुठं कुठं जायचा आणि जिंकून आला की प्रत्येक गड्याच्या अंगात नवा रंगीत गंजीफ्रॉक असायचा. लाल, निळा, हिरवा, एक पिवळाजर्द, आणि पाठीवर पांढऱ्या कापडाचा आकडा शिवलेला. काही आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता तेव्हाचे, काही मुंबई राज्यातले, आणि शेवटचा महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यातला. मग भाऊजींचा गुडघा गेला आणि गंजीफ्रॉक पेटीत गेले. शकूला दिवस राहिल्याचं कळलं त्या दिवशी तुम्ही ते सगळे काढून ओट्यावर मांडलेत.

भाऊजी म्हणाले, "कात्री लावशीन तं पाह्य मंग."

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आता घालून खेळता का? थे पोट पाहा पहिले. पंच तरी मैदानात घेईन का तुम्हाले?"

भाऊजींना हसू आवरलं नाही. नातवासाठी आहे म्हटल्यावर त्यांनी स्वतःच तो पिवळा उचलून तुमच्या पुढ्यात टाकला आणि गुडघा चोळत बाहेर निघून गेले. त्यांना वाईट वाटलं होतं, ते तुम्हालाही दिसलं होतं. तुम्ही पिवळ्याला सगळ्यांत शेवटी कात्री लावलीत.

विणीच्या कापडाची गोधडी तुम्ही त्याआधी एकदा करून फसला होतात. माझं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. गंजीफ्रॉकाचं कापड मागावरचं नसतं, मोज्यासारखं विणीचं असतं. ओढलं की ताणतं, कापलं की कडा गुंडाळून घेतं. तुम्ही घरातले जुने पांढरे गंजीफ्रॉक नुसते कापून एकमेकांना जोडलेत आणि वरून टाके घातलेत. पहिल्या धुण्यात ती दोरीवर टाकली, तर पाण्याच्या भारानं लांबत लांबत पार जमिनीला टेकली. अंगावर घेतली की एका बाजूनं गळ्यापर्यंत यायची आणि दुसऱ्या बाजूनं गुडघ्यावरच राहायची. भाऊजी म्हणाले, "हे गोधडी हाय का कच्चा गडी, जो धरीन त्याच्याच अंगणात चालली." मी नवी नवरी, पदर तोंडात कोंबून हसत होते, आणि सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही हसत होतात. आपली फजिती झाली म्हणून इतकं खळखळून हसणारी बाई मी माहेरीसुद्धा पाहिली नव्हती. या घरात आपला निभाव लागेल असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या दिवशी. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही.

तेव्हापासून तुम्ही त्या कापडाला वठणीवर कसं आणायचं याच्या मागे लागलात. ज्वारीच्या पिठाची पातळ खळ शिजवायची, गाळून घ्यायची, तिच्यात गंजीफ्रॉक बुडवून हलक्या हातानं दाबायचा, पिळायचा नाही. दोरीवर न टाकता खाटेवर सपाट पसरून वाळवायचा. मग तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री. तांब्या फिरवायचा नाही, नुसता ठेवायचा आणि उचलायचा, कारण फिरवला की कापड त्याच्यामागून चालू लागतं. मग पाठीमागून जुन्या धोतराचा तुकडा लावायचा. गंजीफ्रॉक ज्या अंगानं ताणतो त्या अंगानं धोतराचा उभा धागा धरायचा, म्हणजे ताण तिथंच अडतो. चारी बाजूंनी कच्चे टाके घालायचे आणि मग कात्री. आधी कात्री आणि मग धोतर, हे तुम्हाला मुळीच खपायचं नाही. मी एकदा घाई केली तर चौकोन हातातल्या हातात सुरळी होऊन बसला, आणि ती सुरळी तुम्ही दिवसभर माझ्या नाकापुढं नाचवलीत.

माझं म्हणणं एवढंच होतं की हे तान्ह्या लेकरासाठी आहे. गंजीफ्रॉकाचं सगळं सुख त्याच्या मऊपणात. त्याला खळ पाजून, मागून धोतर लावून, खाली पुन्हा लुगड्याचं अस्तर देऊन तुम्ही त्याचा पुठ्ठा केलात, असं मी म्हणायची.

"खळ तरी धुऊन टाका आता, बाई."

"लेकरू आल्यावर धू. धुतली का खळ जाते, धोतर राह्यते. तोवर घडी मोडू नोको."

"लेकरू यायच्या आधी वापरू नाही, कबूल. धुवू बी नाही काय?"

"नाही."

"काऊन?"

"मी म्हणतो म्हणून."

हा वाद तिथंच राहिला. लेकरू वाढलं तरी पुरावी म्हणून मोठ्या माणसाच्या मापाची केलेली ती गोधडी पुरी झाली आणि खळीसकट पेटीत गेली.

मला त्या वादात मजा यायची, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुमच्याशी भांडायला बरं वाटायचं, कारण तुम्ही मागे हटायच्या नाहीत. मलकापूरच्या बाजारात लाल दोरा घ्यायला गेलो होतो तेव्हा रंग पक्का आहे असं दुकानदार शपथेवर सांगत होता. तुम्ही दोऱ्याला थुंकी लावलीत आणि त्याचीच पांढरी टोपी काढून तिच्यावर घासलात. टोपी लाल झाली. अख्खं दुकान बघत होतं आणि मी लाजेनं मेले होते. परतीच्या गाडीत तुम्ही मला शेंगा सोलून देत होतात आणि म्हणत होतात, "पैशे देऊन काऊन आपून ऐकून घ्याव वं?" इतकी भांडकुदळ बाई तुम्ही. म्हणून तर मला कळत नाही, की जिथं भांडायला हवं होतं तिथं तुम्ही इतक्या निमूटपणे कशा वागलात.

पौषात तुम्हाला ताप भरला. कापसाची वेचणी चालू होती म्हणून तुम्ही तो आधी अंगावर काढलात. मग छाती भरली. डॉक्टर आले, सुई दिली, बाटलीतलं औषध दिलं आणि निघताना भाऊजींना सांगितलं, "छातीले गारवा लागू देऊ नका. ऊब ठेवा." बाकी सगळं सुईच्या आणि देवाच्या हातात होतं. ऊब ठेवणं तेवढं आमच्या हातात होतं.

भाऊजी रात्री शेत राखायला नेतात ती घोंगडी मी आणली. तुम्ही म्हणालात, "ती त्याहिले जागलीवर लागते. ने." मी माझ्या खोलीतली नवी गोधडी आणली, तर "ही चांगली हाय, नोको." मला वाटलं आजारी माणसाचा चिडचिडेपणा. मग तुम्ही मला जवळ बसवलंत आणि हळूच म्हणालात, "सुमन, टाकलं तरी चालते असं काई असन तं दे."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझ्या अंगाची आग झाली. आपल्याकडे माणूस ज्या अंथरूण-पांघरुणात जातं ते घरात ठेवत नाहीत, नदीवर नेऊन टाकतात. तुम्ही उबेसाठी पांघरूण निवडत नव्हतात. घरातून काय गेलं तर कुणाला उणं पडणार नाही, ते निवडत होतात. डॉक्टरांनी आशा सोडली नव्हती. मी दर दोन घटकांनी काढा उकळत होते. भाऊजी शेगावला जाऊन दुसरं औषध घेऊन आले होते. आणि तुम्ही, कुणाला न विचारता, मरायचं ठरवून त्याची तयारी करत होतात.

"तुम्ही काय मरून राह्यल्या का?" मी ओरडले होते. आजारी माणसावर ओरडू नये, पण ओरडले.

"पाहू ना. नाही मेली तं देजो मंग चांगली."

तुमच्या अंगावर एक विटकी चादर होती आणि तिच्यावर माझं जुनेर लुगडं, दुहेरी केलेलं. बाहेर अंगणातल्या रांजणाला हात लावला तर बोटं बधिर व्हायची, असे ते दिवस होते. तुमचे दात वाजायला लागले तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. मी पेटी उघडली, गंजीफ्रॉकांची ती गोधडी उलगडली आणि तुमच्या अंगावर टाकायला आले. घरातलं सगळ्यांत जाड आणि उबदार पांघरूण ते, तुम्हीच घातलेल्या धोतरामुळं जाड झालेलं. तुम्ही दोन्ही हात वर करून ती मधेच अडवलीत. कूस बदलायची ताकद नव्हती तुमच्यात, तो जोर कुठून आणलात?

"अंगाले लावू नोको. शकूच्या लेकराची हाय ते."

मी भाऊजींकडे पाहिलं. ते दारात उभे होते. म्हणाले, "नोको म्हणते तं राहू दे." आत्याबाई म्हणाल्या, "बरोबर हाय तिचं. लेकराच्या पांघरुणावर असली सावली पडू नाही." खोलीतली सगळी माणसं शहाणी आणि मी एकटी वेडी. मी गोधडीची घडी घातली आणि पेटीत ठेवली. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात, मी एखादं काम नीट केलं की हसायच्या तशा. ते हसू मला नको होतं. अजूनही डोळ्यांपुढे आलं की मी हातातलं भांडं आपटते.

पांघरूण घातलं असतं तर तुम्ही वाचला असतात, असं मी म्हणत नाही. मला ते ठाऊक नाही आणि कुणालाच ठाऊक नाही. पण थंडीनं कुडकुडत तरी गेला नसतात. डोळ्यांपुढं उबदार गोधडी ठेवून तुम्ही विटक्या चादरीत गेलात, आणि ते आम्ही सगळ्यांनी बसून पाहिलं.

लोक काय म्हणाले ऐका. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "शेवटपर्यंत घराचाच विचार केला, अशी बाई होणे नाही." आत्याबाईंनी ती हकीकत आल्यागेल्याला इतक्या अभिमानानं सांगितली, की मला उठून आत जावं लागायचं. तुमचं असं कौतुक करूनच तर त्यांनी तुम्हाला आयुष्यभर शिळी भाकर खायला लावली. ताजी सगळ्यांच्या ताटात आणि शिळी तुमच्या. नवं लुगडं मला, शकूला, आणि माझं उतरलेलं तुम्हाला. माझ्या बाळंतपणात तुमची गोधडी माझ्याखाली होती आणि तुम्ही गोणपाटावर निजलात. मी घेतलं, बाई. तुम्ही दिलंत आणि मी घेतलं, कारण मला खरंच गरज होती आणि तुमच्या हातून घेताना कधी ओझं वाटलं नाही. त्यासाठी मी तुमची जन्मभराची ऋणी आहे, आणि हे लिहितानासुद्धा दात ओठ खाते आहे. माझ्याकडून मात्र तुम्ही एक पांघरूणसुद्धा घेतलं नाहीत.

तुम्ही गेल्यावर ती चादर, ते लुगडं, गादी, उशी, सगळं नदीवर गेलं. तुमची बाकीची लुगडी आणि चोळ्या आत्याबाईंनी वाटून टाकल्या. फणीसुद्धा ठेवली नाही. खोली धुतली, सारवली, धूप घातला. तुमच्या इच्छेप्रमाणे घरातलं चांगलं असं काहीही गेलं नाही.

तर परवाची गोष्ट. दुपारी वारा सुटला होता आणि शकू गुडघे पोटाशी घेता येत नाहीत म्हणून नुसतीच आखडून पडली होती. मी पेटी उघडली. म्हटलं, लेकराची असेल तर लेकरू सध्या हिच्याच पोटात आहे. गोधडी तिच्या अंगावर घातली. तिनं एक एक गंजीफ्रॉक ओळखला. पिवळ्यावरून हात फिरवला.

"मायनं केली ना हे?"

"हाव. तुह्या लेकरासाठी."

तिनं ती डोक्यावरून ओढून घेतली आणि आत तोंड खुपसलं. बराच वेळ ती तशीच होती. मला वाटलं रडते आहे, रडू द्यावं. मग तिनं तोंड बाहेर काढलं. रडत नव्हती. एखादी वस्तू जिथं ठेवली तिथं सापडू नये, तसं तिचं तोंड झालं होतं.

"काकू, याले मायचा वास नाही येऊन राह्यला. नुसता खळीचा येऊन राह्यला."

मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. घोंगडीचं, चादरीचं, तुम्ही हातानं अडवल्याचं, भाऊजींचं, आत्याबाईंचं. तुमच्याबद्दल वाईट बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तेही बोलले. ती ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "थे चादर कुठी हाय?"

"नदीवर टाकली."

"लुगडं?"

"ते बी."

तिनं गोधडी अंगावरून काढली आणि पायाशी लोटून दिली. "मंग ही मले नोको," म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

बाई, लेकराला ऊब लागेल हे तुम्हाला कळलं. लेकीला आई लागेल हे नाही कळलं? मरणाची सावली पडू नये म्हणून तुम्ही जे राखलंत त्यावर तुमचीही सावली पडली नाही. तुमच्या अंगाचं असं या घरात आता बोटभर चिंधी नाही. चांगलं तेवढं मागे ठेवलंत आणि स्वतःला मात्र नदीवर धाडून दिलंत.

काल मी गोधडी धुतली. तुम्हाला विचारलं नाही. खळ गेली, पाणी पांढरं झालं, धोतर राहिलं. खाटेवर वाळवली. कुठं लांबली नाही, कुठं फुगली नाही, पिवळ्यावरचा आकडा जिथल्या तिथं. आणि मऊ झाली, इतकी की गालाला लावावी. तुमचं बरोबर होतं. कापडाच्या बाबतीत तुमचं नेहमीच बरोबर असायचं. एवढ्यानं माझा राग जायचा नाही.

आज दुपारी मी ती अंगावर घेऊन आडवी झाले. आत्याबाई दारातून म्हणाल्या, "लेकराची नवी गोधडी तू पांघरून राह्यली काय वं?" मी म्हटलं, "हाव. रोज पांघरीन. त्याच्या हाती कोरी नाही देत मी." त्या पुटपुटत गेल्या. तुम्हीही वरून पुटपुटत असाल तर पुटपुटा.

थोड्या वेळानं शकू उठून आली. उभी राहून बघत होती. मी गोधडीचं एक टोक वर उचललं. ती आत शिरली, पाठ माझ्याकडे करून, आणि मी तिच्या पोटावरून हात टाकला. लेकरू आतून हललं तेव्हा ती रडायला लागली, आणि मग मलाही रडू आलं. गोधडी ओली झाली. ती आता मी धुणार नाही. लेकरू येईपर्यंत तिला आम्हा दोघींच्या अंगाचा वास लागेल.

तुमचा लागायला हवा होता, बाई.